शहाबादी फरशी: घेण्याआधी तिची कड वाचा

लातूर, उदगीर, उमरगा, तुळजापूर या भागात घराचं काम निघालं की फरशीच्या डेपोवर आधी शहाबादी, म्हणजे चुनखडकाची फरशी, दाखवतात. तिच्याबद्दलची मतं मात्र दोन टोकांची असतात. कुणी सांगतो, जुन्या वाड्याच्या ढाळजेत आजोबांच्या काळापासून आहे, उलट चकाकी वाढली. कुणी सांगतो, दोन पावसाळ्यांत अंगणातल्या फरशीचे पापुद्रे सुटले आणि न्हाणीतली पांढरीफटक पडली. दोघंही खरंच बोलतात.

निकाल आधीच देऊन टाकतो. ओसरी, बैठक, माजघर, देवघर, जिना, खिडकीच्या पाट्या, कपाटाचे कप्पे यांसाठी पाचपैकी साडेचार. गोठ्यासाठी साडेतीन, पण रफ, बिनपॉलिशची. अंगण आणि गच्चीसाठी तीन, तेही जाड आणि निवडून घेतली तर. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी आणि संडास यांसाठी एक. तो एकही स्वस्ताईचा. एवढा फरक का, हे समजायला हा दगड कसा झाला ते कळायला हवं, कारण फरशीचा प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष त्या घडणीतूनच आला आहे. डेपोवाल्याला हे विचारू नका, तो रंग सांगेल.

समुद्रातला चिखल

कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम आणि त्याला लागून तेलंगणातलं तांडूर हा सगळा पट्टा भूशास्त्रात भीमा खोरं म्हणून ओळखला जातो. तळाशी जुना ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णतेनं-दाबानं बदललेला पट्टेदार खडक). त्यावर कधीकाळी उथळ समुद्र आला. आधी वाळू आणि चिकणमाती साचली, मग चुन्याचा गाळ. हा गाळ पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजे कवचाचे प्राणी समुद्रात येण्याआधीचा. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

चुना समुद्रात येतो तो जमिनीवरून. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं, खडकांतलं कॅल्शियम सोडवतं आणि नदीवाटे ते बायकार्बोनेटच्या रूपात समुद्रात नेतं. तिथे ते विरघळलेलंच राहतं, जोवर पाण्यात कार्बन डायऑक्साइड टिकून असतो. उथळ पाणी उन्हानं तापलं, लाटांनी घुसळलं, शेवाळानं प्रकाशात तो वायू खाल्ला, की तोल बिघडतो आणि कॅल्शियम कार्बोनेट घन होऊन खाली बसतं. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तीही हीच क्रिया. उपमा म्हणून नव्हे, रसायन अक्षरशः तेच आहे, आणि फरशी धुताना ते पुन्हा आडवं येतं.

आजच्या समुद्रात हे काम बहुतांशी जीव करतात. लक्षद्वीपची बेटं म्हणजे प्रवाळ आणि त्याची वाळू. बहामाच्या उथळ पाण्यात हिरवं शेवाळ मरून सुटतं तेव्हा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या ॲरागोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका रूपाच्या, सुया तळाशी पडतात. सौराष्ट्रातला पोरबंदरचा दगड शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म कवचांच्या चुऱ्याचा, वयानं अगदी तरुण, म्हणून हाताला खरखरीत आणि सच्छिद्र. भीमेच्या त्या जुन्या समुद्रात शिंपले नव्हतेच. तिथला गाळ पाण्यातून थेट उतरलेला आणि तळावर पसरलेल्या सूक्ष्मजीवांच्या पातळ थरांनी धरून ठेवलेला. त्यामुळे दाणा अतिशय बारीक, मायक्रॉनमध्ये मोजावा असा. भूशास्त्रात याला मिक्राइट म्हणतात. शहाबादी फरशी हाताला एकसारखी लागते आणि तिला गुळगुळीत पॉलिश चढतं ते या बारीक दाण्यामुळे.

डेपोत कुणी लादीवरची नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दाखवून 'पानाचा जीवाश्म' म्हणत जादा दर लावत असेल, तर नम्रपणे हसावं. ती मँगनीज ऑक्साइडची वाढ असते, थरांच्या फटीत झिरपलेल्या पाण्यातून आलेली. दिसते सुंदर, पण पॉलिशचे पहिले दोन हात बसले की बहुतेक वेळा निघून जाते, कारण ती पृष्ठभागावरच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चुन्याचा गाळ साचायला पाणी स्वच्छ लागतं. नदीनं माती आणली की पाणी गढूळ होतं, प्रकाश खाली पोचत नाही, चुन्याचा कारखाना मंदावतो आणि वर चिकणमातीचा पातळ पडदा बसतो. पाणी निवळलं की पुन्हा चुना. असं हजारो वेळा. म्हणून शहाबादचा दगड खाणीत वह्यांच्या गठ्ठ्यासारखा थराथरानं उभा दिसतो. खाणकामगार पहार घालून सपाट लादी उचलतो, कारण ती पहार बरोबर त्या मातीच्या पडद्यात शिरते. सपाटपणा फुकट मिळतो, करवत चालवावी लागते ती फक्त चार कडांना. या फरशीच्या स्वस्ताईचं हेच कारण. आणि पापुद्रे सुटण्याचंही हेच.

चिखलाचा दगड होताना

ताज्या चुनचिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्याची असते, साठ-सत्तर टक्केसुद्धा. चांगल्या जुन्या चुनखडकात ती पाच टक्क्यांच्याही खाली येते. म्हणजे चिखल नुसता वाळून दगड होत नाही. वरच्या थरांच्या वजनानं पाणी पिळून निघतं, पण तेवढ्यानं पोकळी भरत नाही. ती भरते कॅल्साइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या टिकाऊ रूपाच्या, नव्या स्फटिकांनी. मूळ गाळात ॲरागोनाइट असेल तर ते अस्थिर. हळूहळू विरघळतं आणि जवळच कॅल्साइट होऊन बसतं. दाण्यांमधल्या फटींत हा नैसर्गिक सिमेंटचा माल भरतो आणि दगड बांधला जातो. पुढे अजून खोल गाडला गेला की दाबाखाली दाणे एकमेकांना टेकलेल्या जागी विरघळतात. विरघळलेला चुना शेजारच्या फटी भरतो, न विरघळणारी माती मागे उरते आणि तिची नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी काळी रेघ बनते. या रेघेला स्टायलोलाइट म्हणतात. फरशीच्या तोंडावर ती शोभेची वाटते. आरपार गेलेली असेल तर लादी पडली की तिथेच तुटते.

पांढऱ्या शिरा वेगळ्या. त्या दगडाला पडलेल्या भेगा, नंतर कॅल्साइटनं भरून आलेल्या. बारीक शिर असेल तर चिंता नाही. बोटाएवढी रुंद असेल तर त्यातले मोठे स्फटिक ठोक्यानं सपाट फुटतात, तिथे टवका उडतो.

रंगाचं कोडंही गाळातच सुटतं. तळाशी प्राणवायू कमी असेल तर सेंद्रिय पदार्थ आणि बारीक पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) टिकतात, दगड करडा किंवा निळसर होतो. प्राणवायू भरपूर असेल तर लोह गंजून गुलाबी-तपकिरी छटा येते. पिवळा रंग बहुधा नंतर झिरपलेल्या पाण्यानं लोहाला दिलेला. ग्राहकानं यातून एवढंच घ्यावं: करड्या-निळ्या लादीत पितळी चमकीचे ठिपके दिसले तर ती पायराइट आहे, बाहेर पावसात लावली की त्या ठिपक्यांभोवती गंजाचे डाग उमटतील. आतल्या खोलीत अडचण नाही.

मराठवाड्यात सगळीकडे काळा बेसाल्ट असताना फरशी सीमेपलीकडून का आणावी लागते, याचंही उत्तर इथेच आहे. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात मातीचे पडदे नाहीत, त्यामुळे त्याची सपाट लादी सुटत नाही. घडवावा लागतो किंवा कापावा लागतो. भीमा खोऱ्याचा चुनखडक उत्तरेकडे याच लाव्ह्याखाली शिरतो, पण सगळीकडे पसरलेला नाही. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग थेट नाइस लागला. राष्ट्रकूटांची गंमत यात आहे: त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे सेडमजवळचं मळखेड, चुनखडकाच्या पट्ट्यात, आणि कैलास लेणं कोरलं ते वेरुळच्या बेसाल्टमध्ये. एकसंध डोंगर वरून खाली कोरत आणायचा तर थरांचा दगड चाललाच नसता.

डेपोत काय बघायचं

तोंड बघून फरशी घेऊ नका, कड बघा. लादी उभी करा, कडेवर पाणी मारा आणि अर्धा मिनिट थांबा. चुना लवकर सुकतो, माती ओली राहते, त्यामुळे मातीचे पडदे गडद रेघा होऊन उठून दिसतात. २५ मि.मी. जाडीत एखादी पुसट रेघ असेल तर आतल्या खोलीला चालते. तीन-चार स्पष्ट रेघा असतील, किंवा रेघेत नख शिरत असेल, तर ती लादी उघड्यावर टिकणार नाही: पावसात पडद्यातली चिकणमाती फुगते, उन्हात आक्रसते आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. बसवणारा गवंडी कितीही चांगला असो, यावर इलाज नाही.

मग ठोका. लादी दोन लाकडांवर ठेवून लहान हातोडीनं हलकं मारा. खणखणीत आवाज आला तर अखंड. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला आहे किंवा भेग आहे. शंभरांतल्या दहा लाद्या ठोकून बघितल्या तरी लॉटचा अंदाज येतो, पण त्या दहा तुम्ही निवडा, गठ्ठ्याच्या मधून आणि खालून. वरच्या लाद्या दाखवायच्या असतात.

जाडी चारही कोपऱ्यांवर मोजा. हा थरांनी सुटलेला दगड, त्यामुळे थोडा फरक असणारच. एका लादीत ३ मि.मी.पर्यंत चालवून घ्या. त्याहून जास्त असेल तर खालचा सिमेंट-वाळूचा माल कुठे जाड कुठे पातळ होतो आणि पॉलिशवाल्याला उंचवटे घासण्यात दिवस घालवावे लागतात. काटकोन तपासायला गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजा. दोन फुटी चौकोनाचा कर्ण ८६२ मि.मी. भरतो, दोन कर्णांत ३ मि.मी.हून जास्त फरक असेल तर दरजा, म्हणजे लाद्यांमधल्या फटी, सरळ येणार नाहीत.

मोजमापात बहुतेकांचा पैसा इथे जातो: 'दोन बाय दोन' म्हणून दिलेली लादी पुष्कळदा २२ इंची असते. २२ बाय २२ इंच म्हणजे ३.३६ चौरस फूट, चार नव्हे. पावती चारनं फाडली तर सोळा टक्के पैसे हवेत गेले. २२ इंची माल वाईट नाही, फक्त हिशेब तिच्या खऱ्या मापानं ब्रासवर करून घ्या आणि पावतीवर माप आणि जाडी दोन्ही लिहून घ्या. ब्रास म्हणजे इथे १०० चौरस फूट.

वजनाचा अंदाज गाडी ठरवताना आणि वरच्या मजल्यावर चढवताना लागतो. चुनखडकाची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट. २५ मि.मी. जाडीची लादी चौरस फुटाला सहा किलोच्या थोडी वर, म्हणजे ब्रासला सव्वासहाशे किलोच्या आसपास. ४० मि.मी.ची जवळजवळ एक टन. छोट्या टेम्पोत तीन ब्रास जाड फरशी कोंबणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा. लाद्या गाडीत नेहमी उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या थराच्या रेघेवर मोडतात.

बसवताना

अर्ध्याहून जास्त तक्रारी दगडाच्या नसतात, खालच्या काळ्या मातीच्या असतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर थेट कोबा टाकला तर पहिल्या वर्षी फरशी मधून वर येते, दुसऱ्या वर्षी दरजा उघडतात. काळी माती निदान दीड-दोन फूट काढा, शक्य तिथे मुरूम लागेपर्यंत. त्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. एकदम दोन फूट भरून वरून धुम्मस मारली तर खालचा मुरूम सैलच राहतो. वर सहा इंच दगडी सोलिंग, मग तीन-चार इंच काँक्रीट १:४:८ (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाणात. ते आठवडाभर ओलं ठेवा.

फरशीखालचा माल १:६ (सिमेंट:वाळू), जाडी २० ते २५ मि.मी. लादी बसवण्याआधी पाठीवरची धूळ धुवून ओली करा. कोरडा दगड मालातलं पाणी ओढतो आणि पकड धरत नाही. पाठीला सिमेंटचा दाट घोळ लावून लादी ठेवा, लाकडी हातोड्यानं मध्यापासून कडेकडे ठोका. चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे मालाचे ठोकळे ठेवून लादी टेकवणारे मिस्त्री अजून भेटतात. काम झटपट होतं, पण खाली पोकळी राहते आणि कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की लादी तडकते. तीन दिवसांनी प्रत्येक लादी ठोकून बघा, बद्द वाजेल ती तेव्हाच काढून परत बसवून घ्या. महिन्याभरानं कुणी येत नाही.

१२ बाय १५ फुटांच्या खोलीचा हिशेब असा: क्षेत्र १८० चौरस फूट, मशीनकट मालाला सहा-सात टक्के तूट धरून साधारण १९२ चौरस फूट फरशी. हातानं फोडलेल्या कडांची रफ फरशी असेल तर तूट दहा-बारा टक्के. फरशीखालच्या २५ मि.मी. जाड मालाला आणि घोळाला मिळून चार पोती सिमेंट, सतरा घनफूट वाळू. दरज २ ते ३ मि.मी. ठेवा. 'बिनदरजेची' फरशी दिसायला छान, पण थराथरानं सुटलेल्या दगडाच्या कडा एका रेषेत नसतात, घासाघाशीत टवके उडतात. भिंतीलगत ६ मि.मी. सोडा, स्कर्टिंगखाली झाकलं जातं.

माल कालवायला खारट बोअरचं पाणी वापरू नका. पाणी उडून जातं, क्षार दरजेतून वर येतो आणि कडांवर पांढरा फुलोरा धरतो. तो सुक्या ब्रशनं झाडा. धुवाल तर परत आत जातो आणि परत येतो. भिंतींना लोणा लागलेल्या घरात फरशी बदलून उपयोग नाही, ओल वर चढतेय तो प्रश्न आधी सोडवा.

पॉलिश दोन आठवड्यांनंतर. ६०, १२०, २२०, ३२० अशा क्रमानं नंबरचे दगड लावायला सांगा. घाईत १२० गाळून पुढे जाणारे असतात. ६०चे ओरखडे वरच्या चकाकीखाली राहतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चक्राकार दिसतात. शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. ते चुन्याशी मिळून न विरघळणारा पातळ थर देतं, म्हणून थोडं चालतं. ओतून घासायचं काम नाही.

पांढरे डाग आणि ॲसिडची बाटली

आता न्हाणीला एक गुण का, ते. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते फरशीवर सुकलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा पापुद्रा उरतो. बाई माणसं घासून थकतात, मग कुणीतरी संडास साफ करायची बाटली ओततं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. पांढरा डाग फसफसून निघतो, सगळे खूश होतात. दुसऱ्या दिवशी तिथली चकाकी गेलेली, फरशी खडबडीत, आणि खडबडीत झाल्यामुळे पुढचा डाग दुप्पट वेगानं धरतो.

डाग आणि फरशी दोन्ही एकाच पदार्थाचे आहेत. डाग विरघळवणारं कोणतंही ॲसिड फरशीही विरघळवणार. त्याला फरक कळत नाही. बाजारातलं 'फक्त डाग काढणारं' आम्ल या फरशीसाठी अस्तित्वात नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. लिंबू, व्हिनेगर, चिंच, ताक हेही याच जातीचे, फक्त संथ. ओट्यावर चिरलेलं लिंबू रात्रभर राहिलं तर सकाळी त्याच्या आकाराचा फिका गोल दिसतो. तो डाग नसतो, तिथला दगड खाल्लेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. ४०० नंबरनं घासून परत पॉलिशच करावं लागतं. म्हणून ओट्यालाही एकच गुण. ओट्याला ग्रॅनाइट घ्या.

आधीच न्हाणीत शहाबादी असेल तर दोनच उपाय खरे. आंघोळीनंतर रबरी वायपरनं पाणी ओढा, म्हणजे क्षार सुकायला पाणीच उरत नाही. आणि साचलेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. रोजच्या पुसण्याला साधं पाणी, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. धुण्याचा सोडा अल्कली आहे, त्यानं चुन्याला इजा होत नाही. तेल सांडलं तर खडूची पूड आणि पाणी यांचा लेप देऊन वर प्लॅस्टिक अंथरा, दिवसभरानं काढा; दोन-तीनदा केलं की उतरतं. हळद उन्हानं फिकी पडते, खोलीत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप.

ओरखड्यांचं गणितही खनिजाचंच. कॅल्साइटचा कठीणपणा १ ते १०च्या मोह्स मोजपट्टीवर ३, वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. चपलेखाली आलेला वाळूचा प्रत्येक कण फरशीवर रेघ ओढतो. दाराबाहेर खरखरीत पायपुसणं आणि आत गोणपाटाचं, एवढा खर्च करा. दहा वर्षांचं पॉलिश वाचतं.

अंगणात घालायचीच असेल तर ४० मि.मी., रफ, कडेला एकही मातीची रेघ नसलेली. उतार साठाला एक, म्हणजे दहा फुटांत दोन इंच. पाणी साचणारा खळगा राहिला की पापुद्रा तिथूनच सुरू होतो. ट्रॅक्टर किंवा चारचाकी येणार असेल तर ही फरशी घालूच नका, तिथे काँक्रीटच बरं.

शेजारच्या दगडांशी तुलना

तांडूरची फरशी भीमा खोऱ्यातलीच, पिवळ्या आणि निळसर छटांत. शहाबादीपेक्षा जाडी एकसारखी मिळते असा सर्वसाधारण अनुभव आहे, पण काळजी तीच, ॲसिडची भीती तीच. कडप्पा म्हणून विकला जाणारा काळा दगड आंध्रातला चुनखडक. अड्ड्यावर तो पुष्कळदा तेल लावून काळाभोर केलेला असतो. पांढऱ्या कापडानं जोरात पुसून बघा, आणि पाठीमागच्या बाजूला लिंबाचा थेंब टाका. फसफसला तर ओट्याला नको, कप्प्यांना उत्तम. राजस्थानातला कोटा तुलनेनं घट्ट आणि थर कमी सुटणारा, बाहेरच्या कामाला शहाबादीपेक्षा सरस, पण वाहतूक धरली की आपल्याकडे महाग पडतो. व्हिट्रिफाइड टाइल्सना ॲसिडचं भय नाही, डागही धरत नाहीत. मात्र त्यांचा वरचा थर एकदा गेला की गेला. शहाबादी पंधरा-वीस वर्षांनी परत घासून नवी करता येते, प्रत्येक खेपेला जेमतेम एक-दीड मि.मी. खर्ची पडतो. त्यामुळे १८ मि.मी.ऐवजी २५ घेण्यात जे चार पैसे जास्त जातात ते पुढच्या पिढीचं पॉलिश असतं.

शेवटची सूचना खरेदीची. एका घराची सगळी फरशी एकाच लॉटमधून, एकाच वेळी उचला आणि वर आठ-दहा लाद्या जादा घेऊन गोठ्याच्या भिंतीला उभ्या करून ठेवा. रंग खाणीच्या नावाचा नसतो, थराचा असतो. पुढच्या वर्षी तीच खाण दोन फूट खाली गेलेली असेल, आणि तिथला करडा तुमच्या बैठकीतल्या करड्याशी जुळणार नाही.